रोटरी पंपांतील वंगण आणि रोटरचे वर्तन : गणिती मॉडेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक पॉवरपॅकचे व ट्रॅक्टरचे गिअर पंप उघडून पुन्हा बसवणारे कारागीर, सिन्नरकडच्या कारखान्यांतील देखभाल विभाग आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘पंपाचे सिम्युलेशन’ हा विषय घेऊन बसलेले विद्यार्थी, अशा तीन बाजूंनी आमच्याकडे प्रश्न येत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतांशी बाह्य गिअर पंपाची, म्हणजे बॉडीत एकमेकांत अडकून फिरणारे दोन गिअर असलेल्या पंपाची, आहेत, कारण नाशिकमध्ये टेबलावर सर्वाधिक वेळा उघडला जातो तो हाच पंप.

रोटरी पंप म्हणजे नक्की कोणता? विहिरीवरचा पंपही फिरतोच की.

फिरतो, पण त्याचे कूळ वेगळे. विहिरीवरचा पंप सेंट्रिफ्यूगल असतो. तो पाण्याला वेग देतो आणि त्या वेगातून दाब निर्माण करतो. येथे ज्यांचा विचार आहे ते पंप द्रवाचा मोजका घास सक्शनकडून उचलतात आणि डिलिव्हरीकडे नेऊन सोडतात. गिअर, जेरोटर, व्हेन, लोब, स्क्रू आणि प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी हे सगळे त्यातलेच. अशा पंपाची डिलिव्हरी बंद केली तर दाब कुठेतरी काही फुटेपर्यंत वाढत राहतो, म्हणून त्यांच्या जोडीला ठरलेल्या दाबाला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असावाच लागतो.

पंप तर तेलातच बुडालेला असतो. मग वंगणाचे वेगळे गणित कशासाठी?

तेलात बुडालेले असणे आणि दोन पृष्ठभागांमध्ये भार पेलणारा थर टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १८८३ सालापासून माहीत आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर हे रेल्वेच्या आसांसाठी बेअरिंगचे प्रयोग करत होते. बेअरिंगच्या वरच्या बाजूला तेल सोडण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तेथे दाबमापक बसवल्यावर दिसले की फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून थरात असा दाब तयार करतो की तो भाराच्या सरासरी दाबापेक्षाही बराच जास्त भरतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या निरीक्षणाला समीकरणाचे रूप दिले, आणि आजही पंपाच्या गॅपचे, म्हणजे दोन भागांमधल्या बारीक फटीचे, गणित त्याच समीकरणावर उभे आहे.

रोटरी पंपात अडचण अशी की एकच द्रव तीन कामे करतो. तो वाहून नेण्याचा माल आहे, डिलिव्हरी आणि सक्शन यांच्यामधला सील आहे, आणि वंगणही आहे. सील म्हणून त्याच्यासाठी गॅप जितका बारीक तितका चांगला. वंगण म्हणून मात्र गॅप इतका तरी हवा की धातूला धातू लागू नये. ही ओढाताण काही मायक्रॉनांच्या जागेत चालते. नुसत्या अनुभवाने ती जागा ठरवता येते, आणि चांगले कारागीर ती ठरवतातही. पण दाब, वेग किंवा तेल बदलले की तो अनुभव पुन्हा शून्यापासून जमवावा लागतो.

रेनॉल्ड्सचे समीकरण साध्या शब्दांत काय सांगते?

पातळ थरात दाब मुख्यतः दोन कारणांनी तयार होतो. पहिले कारण पाचरीचे : सरकणारा पृष्ठभाग तेलाला रुंद जागेतून अरुंद जागेत ओढतो, आत येणारे तेल मावत नाही, आणि दाब वाढतो. दुसरे कारण चेपण्याचे : दोन पृष्ठभाग एकमेकांकडे येऊ लागले की मधले तेल कडेने बाहेर पडायला वेळ घेते आणि तेवढा वेळ भार पेलते. या दोहोंनी आत कोंबलेले तेल दाबाच्या उतारावरून बाहेर वाहते, आणि ते वाहणे गॅपच्या घनावर, म्हणजे तिसऱ्या घातावर, अवलंबून असते. समीकरण म्हणजे या येण्या-जाण्याचा ताळेबंद.

यामागे काही गृहीतके आहेत : थर लांबी-रुंदीच्या मानाने फार पातळ आहे, प्रवाह शांत थरांचा आहे, तेलाचे जडत्व नगण्य आहे आणि थराच्या जाडीभर दाब एकच आहे. गिअर पंपाच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये, ही गृहीतके उत्तम चालतात. १८ मिमीचा शाफ्ट १४४० आरपीएमने फिरत असेल तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण १.३६ मीटर येतो. २५ मायक्रॉन गॅप आणि ६० अंश सेल्सिअसचे व्हीजी ४६ (दाटपणाची श्रेणी) तेल धरल्यास रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा, दोनच्याही आत राहतो. खळबळ सुरू होण्यासाठी तो हजाराच्या घरात जावा लागतो. दातांमधल्या मोकळ्या जागेत, पोर्टच्या तोंडाशी आणि रिलीफ खाचेत (दातांत कोंडलेल्या तेलाला वाट देणाऱ्या चरीत) मात्र हे समीकरण वापरू नये. तेथे ‘पातळ थर’ नावाची वस्तूच नसते.

मॉडेलमध्ये गॅप किती धरावा? ड्रॉइंगवर दिलेला क्लिअरन्स चालेल का?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. ड्रॉइंगवरचा क्लिअरन्स ही फक्त सुरुवातीची अट आहे. पंप चालू असतानाचा गॅप हा मॉडेलला द्यायचा आकडा नाही. तो मॉडेलकडून मागायचा आकडा आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका गिअर पंपाच्या पहिल्या मॉडेलमध्ये मी दातांच्या टोकांशी ड्रॉइंगवरचा २५ मायक्रॉनचा गॅप सगळीकडे सारखा धरला. उत्तर आले ते असे की, टोकांवरून होणारी नुसती गळतीच चाचणी-बाकावर मोजलेल्या एकूण गळतीपेक्षा जास्त भरली. दोन दिवस व्हिस्कॉसिटीचे, म्हणजे तेलाच्या दाटपणाचे, आकडे तपासण्यात गेले. मग पंप उघडला, तर ॲल्युमिनियमच्या बॉडीत सक्शनच्या बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत पट्टा दिसला. कडेवर बोटाचे नख फिरवले की किंचित अडत होते. दातांनी आपली जागा स्वतः कोरून घेतली होती. गिअर पंप बांधणाऱ्यांना हे नवे नाही, पहिल्यांदा दाबावर चालवताना गिअर बॉडीला असे थोडे कापतातच. नवे होते ते मला, कारण मी ड्रॉइंगकडे पाहत होतो आणि बॉडीकडे नव्हतो.

घडते ते असे. डिलिव्हरीचा दाब दोन्ही गिअरना सक्शनकडे ढकलतो. त्यामुळे सक्शनच्या बाजूचा गॅप जवळजवळ मिटतो आणि डिलिव्हरीच्या बाजूचा उघडतो. उघडलेल्या बाजूने पूर्ण दाब एकेक दात ओलांडत पुढे सरकतो आणि शेवटच्या दोन-तीन दातांपर्यंत पोहोचतो. आता जास्त परिघावर जास्त दाब असल्यामुळे गिअरवरचे बल बदलते, बल बदलल्याने शाफ्टची जागा बदलते, आणि जागा बदलली की गॅप पुन्हा बदलतो. हे चक्र स्थिरावेपर्यंत सोडवणे म्हणजेच रोटरचे मॉडेल. एका फेरीत काढलेले उत्तर हे उत्तर नव्हे.

गॅपच्या घनाचा परिणाम किती कठोर आहे तेही पाहावे. २० मायक्रॉनचा गॅप २५ झाला, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौदाव्या हिश्शाएवढा वाढला, तर त्यातून होणारी गळती जवळजवळ दुप्पट होते. १५ चे ३० झाले तर आठपट.

रोटरवर बल किती येते, आणि बुशमधला थर खरोखर किती जाड असतो? हाताने अंदाज काढता येईल का?

येईल, आणि संगणकाला हात लावण्यापूर्वी तो काढावाच. समजा गिअरचा बाह्य व्यास ४० मिमी, रुंदी २० मिमी आणि दाब १६० बार, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १६ न्यूटन आहे. व्यास गुणिले रुंदी म्हणजे ८०० चौरस मिमी. त्यावर पूर्ण दाब धरला तर १२,८०० न्यूटन होतात. परिघावर सगळीकडे पूर्ण दाब नसल्याने त्याचे साधारण तीन-चतुर्थांश ते थोडे अधिक धरतात, म्हणजे दहा हजार न्यूटनच्या आसपास. मुठीत मावणाऱ्या गिअरवर हे एक टन वजन आहे. चालवणाऱ्या गिअरपेक्षा चालवल्या जाणाऱ्या गिअरवर बल अधिक येते, कारण दातांच्या पकडीतले बल त्याच्या बाबतीत दाबाच्या बलात भर घालते. एका बाजूचे बुश नेहमी अधिक झिजलेले का सापडते, याचे हे एक कारण.

आता हा भार दोन बुशांत वाटला : प्रत्येकी ५,००० न्यूटन. शाफ्ट १८ मिमीचा आणि बुश २० मिमी लांब असेल तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४ न्यूटन भार पडतो. व्हीजी ४६ तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतली श्यानता, ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक असते; ६० अंशांना ती वीस-एकवीसपर्यंत उतरते, म्हणजे साधारण १८ सेंटीपॉइज. वेग सेकंदाला २४ फेरे, त्रिज्यीय क्लिअरन्स २५ मायक्रॉन. यातून सॉमरफेल्ड अंक, म्हणजे भार, वेग, व्हिस्कॉसिटी आणि क्लिअरन्स यांना एकत्र बांधणारा आकडा, ०.००४ च्या आसपास येतो. रायमंडी आणि बॉइड यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत लांबी व व्यास जवळपास सारखे असलेल्या बेअरिंगसाठी हा आकडा शोधला तर उत्केंद्रता (शाफ्टचे केंद्र क्लिअरन्सच्या किती भागाने सरकले ते प्रमाण) ०.९७ किंवा त्याहून थोडी वर निघते. म्हणजे २५ मायक्रॉनपैकी सर्वांत अरुंद जागी शिल्लक राहतो तो एक मायक्रॉनपेक्षाही कमी थर.

येथे थांबून विचार करावा. चांगल्या ग्राइंडिंग केलेल्या शाफ्टचा सरासरी खडबडीतपणा ०.२ ते ०.४ मायक्रॉन असतो आणि दोन्ही पृष्ठभागांची शिखरे मिळून त्याच्या कितीतरी पट होतात. त्याशिवाय शाफ्ट वाकतो : याच भाराने बुशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाफ्टचा कल चार-पाच मायक्रॉन सहज पडतो. तेव्हा पुस्तकातला स्वच्छ, पूर्ण थर येथे नाही. काही भार तेल पेलते आणि काही भार पृष्ठभागांची शिखरे पेलतात. म्हणूनच अशा पंपांत नुसते धातूचे बुश न ठेवता स्टीलच्या पाठीवर सच्छिद्र ब्राँझ आणि त्यात पीटीएफई (टेफ्लॉन) भरलेले बुश वापरतात, आणि म्हणूनच उत्पादक किमान वेग ठरवून देतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावून पंप ३०० आरपीएमला आणला आणि दाब मात्र पूर्ण ठेवला, तर थर टिकवणारा वेगच काढून घेतला जातो. पंप फिरतो, दाबही देतो, पण बुश खात राहतो.

शाफ्टची क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला शाफ्ट जोराने डोलू लागतो) तपासावी का?

लहान गिअर पंपासाठी तो वेळ वाया घालवणे आहे. वरच्या उदाहरणातला रोटर शाफ्टसह सुमारे ३०० ग्रॅम भरतो आणि त्याची दोन बुशांमधली लांबी तोकडी असते; नुसत्या शाफ्टची नैसर्गिक वारंवारता काढली तर क्रिटिकल स्पीड काही लाख आरपीएममध्ये जाते. येथे रोटरचे वर्तन म्हणजे शाफ्टचे लवचीक डोलणे नव्हे. ते म्हणजे क्लिअरन्सच्या आत शाफ्टच्या केंद्राने काढलेली बारीकशी वाट. १२ दातांचा गिअर सेकंदाला २४ फेरे घेत असेल तर दातांच्या पकडीचा ठोका २८८ हर्ट्झला पडतो, आणि त्या ठोक्यासरशी केंद्र आपल्या सरासरी जागेभोवती हलते.

भार कमी आणि वेग जास्त असला की दुसराच प्रकार समोर येतो. तेलाचा थर सरासरी शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि हलका शाफ्ट त्याच्याबरोबर वाहवत जातो. यालाच ऑइल व्हर्ल म्हणतात. न्यूकर्क आणि टेलर यांनी १९२५ मध्ये बेअरिंगच्या तेलामुळे शाफ्ट कसा थरथरतो ते दाखवले. कंपनाच्या आलेखात फेऱ्यांच्या वारंवारतेच्या निम्म्याहून किंचित कमी जागी टोक दिसले तर संशय येथे घ्यावा. दाबाखाली चालणाऱ्या गिअर पंपात हे क्वचित घडते, कारण भारच शाफ्टला एका बाजूला दाबून धरतो. लांब रोटरच्या स्क्रू पंपात, विशेषतः दाब नसताना मोकळा फिरवताना, हा विचार करावा.

माझ्या मॉडेलमध्ये थरातला दाब शून्याखाली जातो. हे चूक आहे का?

समीकरण म्हणून बरोबर, तेल म्हणून चूक. पाचर उलट उघडते त्या बाजूला गणित ऋण दाब दाखवते. खरे तेल तेवढे ताणले जात नाही, त्यातून हवा सुटते किंवा वाफ होते आणि थर तुटतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ऋण दाब आला तेथे शून्य भरणे. भाराचा अंदाज त्याने बरा येतो, पण तेलाचा हिशेब जुळत नाही : तुटलेल्या भागातून जितके तेल बाहेर जाते तितके आत येतच नाही. हिशेब राखणारी सीमा-अट याकोब्सन व फ्लोबर्ग यांनी १९५७ मध्ये आणि ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि एल्रॉड यांच्या १९८१ च्या पद्धतीमुळे ती संगणकावर सोडवणे सोपे झाले. बुशमध्ये तेल पुरेसे पोहोचते का, हाच प्रश्न असेल तर ही पद्धत वापरण्यावाचून पर्याय नाही.

सक्शनच्या बाजूला एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवावी. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, सुमारे ०.९४ ते ०.९५ बार असतो. टाकीतले तेल पंपात ढकलणारा दाब तोच. मॉडेलमध्ये सवयीने १.०१३ बार भरला तर कॅव्हिटेशनची, म्हणजे कमी दाबामुळे तेलात बुडबुडे होण्याची, सुरुवात प्रत्यक्षापेक्षा उशिरा दिसते. खनिज तेलात वातावरणीय दाबाला आकारमानाने साधारण नऊ टक्के हवा विरघळलेली असते, आणि सक्शन स्ट्रेनर (गाळणी) तुंबला की आवाज करते ती आधी हीच हवा.

दातांमध्ये अडकणाऱ्या तेलाचे काय?

एका वेळी दातांच्या दोन जोड्या पकडीत असतील तर त्यांच्यामध्ये थोडे तेल कोंडले जाते आणि गिअर फिरताना ती जागा आधी आक्रसते, मग पसरते. तेल फारसे दाबले जात नाही : आकारमान एक टक्का घटवायला सुमारे दीडशे बार लागतात. तेव्हा वाट दिली नाही तर दाब दर ठोक्याला उसळतो आणि ते बल थेट बुशवर जाते. यासाठी गिअरच्या कडेला टेकणाऱ्या बाजूच्या प्लेटवर रिलीफ खाच असते. दुरुस्तीत प्लेट लॅप करून (बारीक घासून) पातळ केली तर खाचेची खोलीही घटते, ही बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मॉडेलमध्ये या कोंडलेल्या जागेला स्वतंत्र खोली मानून तिचा दाब वेगळा काढावा.

थंडीत सकाळी पंप जड चालतो किंवा आवळला जातो. मॉडेल याबद्दल काही सांगू शकते का?

बरेच काही. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकडी होते. १० अंशांना व्हीजी ४६ तेलाची व्हिस्कॉसिटी अडीचशे सेंटीस्टोकच्या आसपास असते, म्हणजे ४० अंशांच्या पाच-सहा पट. थर जाड होतो, गळती घटते; पण सक्शन पाइपातून तेल वेळेवर पोहोचत नाही आणि पंप उपाशी राहतो.

आवळण्याचे कारण मात्र वेगळे, आणि ते धातूच्या प्रसरणात आहे. ॲल्युमिनियम अंशागणिक दशलक्षांत २३ भागांनी वाढते, स्टील साधारण १२ भागांनी. २० मिमी रुंदीच्या गिअरसाठी ५० अंशांच्या फरकात बॉडी गिअरपेक्षा सुमारे ११ मायक्रॉन जास्त वाढते, म्हणजे पंप गरम झाल्यावर बाजूचा गॅप उघडतो. उलट, रात्रभर गारठलेल्या पंपात दुसऱ्या पंपाने तापवलेले तेल एकदम सोडले तर चहूबाजूंनी तेलात असलेला गिअर आधी तापून फुगतो आणि जाड बॉडी अजून थंडच असते. तेवढ्या काही मिनिटांत बाजूचा गॅप नाहीसा होऊ शकतो. येथे स्थिर स्थितीचे मॉडेल निरुपयोगी आहे; गिअर आणि बॉडी यांची तापमाने वेळेनुसार वेगवेगळी चालवावी लागतात.

तापमानाचा आणखी एक तपशील : १६० बारवरून गॅपमधून निसटणारे तेल बाहेर पडेपर्यंत स्वतःच्याच घर्षणाने नऊ-साडेनऊ अंशांनी तापते. टाकीचे तापमान घेऊन गळती काढली तर ती नेहमी कमी भरते. दाबामुळे व्हिस्कॉसिटी वाढते हे खरे, १६० बारला साधारण एक-तृतीयांशाने; परंतु ती वाढ डिलिव्हरीच्या टोकाशीच पूर्ण मिळते.

आमच्या वाईनरीत लोब आणि प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप आहेत. द्राक्षाचा रस कसले वंगण करणार?

रसाकडून वंगणाची अपेक्षा लोब पंपात धरलेलीच नसते. दोन लोब एकमेकांना स्पर्श करत नाहीत. त्यांना ताळात ठेवणारे टायमिंग गिअर आणि बेअरिंग वेगळ्या गिअरबॉक्समध्ये, स्वतःच्या तेलात असतात. त्यामुळे मॉडेल दोन भागांत पडते. द्रवाच्या बाजूला फक्त गॅपमधली गळती काढायची, आणि शाफ्टच्या बाजूला दाबाने लोंबता, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेला, शाफ्ट किती वाकतो ते काढून तेवढे लोब बॉडीला टेकणार नाहीत ना, हे पाहायचे. साल-बियांसह आलेला लगदा साध्या तेलासारखा वागत नाही. ढवळला जाईल तसा पातळ होतो, त्यामुळे एकच व्हिस्कॉसिटी धरून चालत नाही.

प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंपात स्टीलचा रोटर रबराच्या स्टेटरमध्ये मुद्दाम घट्ट बसवलेला असतो आणि तो स्वतःभोवती फिरता फिरता स्टेटरच्या केंद्राभोवती झुलतो. येथे गॅप नसून दाब देऊन बसवणे आहे, तेव्हा रबर किती दबते हे आधी काढल्याशिवाय थराचे गणित सुरूच होत नाही. द्रव नसताना हा पंप काही मिनिटे जरी फिरला तरी स्टेटर जळतो. हंगामात टाकी रिकामी झाल्याचे कुणाच्या लक्षात न येणे हे त्याचे नेहमीचे कारण, आणि त्यावर मॉडेलपेक्षा लेव्हल स्विच स्वस्त पडतो.

व्हेन पंपासाठी हेच मॉडेल चालेल का?

बुशचा भाग चालेल, पण तो तेथे सौम्य असतो. हॅरी व्हिकर्स यांनी १९२५ च्या सुमारास आणलेल्या संतुलित रचनेत दोन सक्शन आणि दोन डिलिव्हरी समोरासमोर असल्याने शाफ्टवरचे दाबाचे बल एकमेकांना खोडून टाकते. खरा प्रश्न व्हेनच्या, म्हणजे रोटरच्या खाचेतून आत-बाहेर सरकणाऱ्या पात्याच्या, टोकाशी आहे. व्हेनखालचा दाब आणि केंद्रोत्सारी बल तिला भोवतालच्या रिंगवर दाबतात. जास्त दाबले तर रिंगवर लाटा उमटतात, कमी पडले तर व्हेन उचलली जाऊन पुन्हा आपटते. म्हणून प्रत्येक व्हेनचे आत-बाहेर होणे स्वतंत्रपणे सोडवावे लागते.

सरळ सीएफडीच (द्रवाच्या संपूर्ण प्रवाहाचे संगणकावरचे सिम्युलेशन) का करू नये? आणि सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

२० मायक्रॉनच्या गॅपमध्ये जाडीच्या दिशेने दहा घरे पाडायची तर प्रत्येक घर २ मायक्रॉनचे होते, आणि तेच जाळे चाळीस मिलिमीटरच्या, क्षणाक्षणाला आकार बदलणाऱ्या गिअरभोवती पसरायचे असते. होते, पण गणनेला दिवस लागतात, आणि बहुतेक वेळा शाफ्ट एका जागी खिळलेला धरूनच ते केले जाते. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा तेच गृहीत धरले जाते. आमचे मत असे की मिश्र पद्धत घ्यावी : दातांमधल्या प्रत्येक जागेला एक खोली मानून तिच्या दाबाचे साधे समीकरण, बुश आणि बाजूच्या प्लेटसाठी रेनॉल्ड्स, आणि शाफ्टच्या केंद्रासाठी बलांचा समतोल. सीएफडी सक्शन पोर्ट आणि रिलीफ खाच यांच्यापुरते ठेवावे.

एवढे काम पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये होते. सीएफडीसाठी ओपनफोम विनाशुल्क आहे. विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी संपूर्ण पंप हाती घेऊ नये. एकच बुश, स्थिर भार, आणि उत्तर रायमंडी-बॉइड तक्त्यांशी जुळते का ते पाहावे. मग गणनेचे जाळे दुप्पट बारीक करून पुन्हा पाहावे. किमान थराची जाडी बदलली तर अजून पुढे जाण्याची वेळ आलेली नाही. शाफ्टची जागा शोधताना पावले छोटी ठेवावीत, कारण गॅप मिटत आला की थर फार ताठ होतो आणि एका मोठ्या पावलात शाफ्ट बुशच्या आरपार निघून जातो. असे झाले म्हणजे सॉफ्टवेअर बिघडले असे नव्हे.

मॉडेल खरे ठरले हे कसे ओळखावे? आमच्याकडे महागडी उपकरणे नाहीत.

प्रवाहमापक, दाबमापक आणि तापमानमापक एवढे बहुतेक चाचणी-बाकांवर असते. एकाच तापमानाला दाब पायरीपायरीने वाढवत गळतीचा आलेख काढावा, आणि मग तोच आलेख दुसऱ्या तापमानाला. एका बिंदूवर जुळणे फसवे असते. कोणताही एक गॅप ओढूनताणून एक बिंदू जुळवता येतो. दाबाबरोबर गळती सरळ रेषेपेक्षा वेगाने वाढत असेल तर गॅप दाबाने उघडतो आहे. सरळ रेषेखाली वाकत असेल तर फ्लोटिंग प्लेट (दाबानेच गिअरवर टेकणारी बाजूची प्लेट) आपले काम करते आहे. मॉडेलने हा वाकही दाखवला पाहिजे. गळती जुळली आणि मोटर खेचत असलेला करंट जुळला नाही, तर बुशमधल्या घर्षणाचा भाग पुन्हा तपासावा.

त्यानंतर पंप उघडावा. बॉडीतला चकचकीत पट्टा कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत आहे ते कागदावर उतरवावे, बोअर गेजने (आतला व्यास मोजणाऱ्या उपकरणाने) त्याची खोली मोजावी, आणि बुशमधला घासलेला भाग शाफ्टच्या कोणत्या बाजूला व कोणत्या टोकाला आहे ते पाहावे. मॉडेलने काढलेली शाफ्टची जागा आणि कल याच दिशेला असला पाहिजे. गाळ साफ करण्याआधी फोटो काढून ठेवावा. डिझेलने धुतल्यावर खुणांची टोके ओळखू येत नाहीत. दुरुस्तीला आलेल्या पंपाचे जुने बुश भंगारात टाकण्याआधी त्यावर मार्करने वर-खाली आणि सक्शनची बाजू लिहून ठेवावी.